दोर गावाला गेला

आयुष्यात मी सर्वांत जास्त भांडले ती मास्तरांशी, आणि त्यांनी मला एकदाही धड उत्तर दिलं नाही. नवऱ्याशी भांडले, सासरच्यांशी भांडले, कचेरीतल्या हेडक्लार्कशी तर रोजच. पण ती माणसं निदान उलटून बोलायची. भांडणाला तेवढं तरी लागतं. मास्तरांशी भांडायचं म्हणजे आपणच बोलायचं, आपणच दमायचं आणि घरी येऊन चहा ठेवता ठेवता त्यांच्या बाजूनेही आपणच बोलायचं. इतक्या वर्षांनी आठवलं तरी माझा आवाज चढतो. लेक म्हणते, "आई, आता पुरे की." पुरे कसं? माझं म्हणणं अजून त्या माणसाने ऐकूनच घेतलेलं नाही!

मास्तर म्हणायचे सगळे, पण कुठल्या शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. रत्नागिरीत एका लाकडाच्या वखारीत ते कामाला होते, आलेल्या ओंडक्यांचं माप घ्यायला. वखारीच्या मागे पत्र्याची उंच शेड होती. संध्याकाळी करवतीचा आवाज थांबला की मास्तर तिच्या तुळईला दोर टांगायचे आणि मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवायचे. खाली गादी नाही, चटई नाही. करवतीखाली पडलेला भुसा आणून गुडघाभर पसरलेला. पडलं तर भुशात. माझी मुलगी सात वर्षांची असल्यापासून तिथे जायची आणि रोज मी तिच्या वेण्या सोडून केसांतला भुसा झाडत बसायची. उशीत भुसा, दप्तरात भुसा. एकदा तर आमटीत निघाला.

मास्तर दिसायला काळेसावळे, किडकिडीत. खाकी अर्धी चड्डी, बनियन आणि कानावर लाकडावर खुणा करायची लाल पेन्सिल. दोरावर चढून काही दाखवायची वेळ आली तरी ती पेन्सिल कानावरच. मुलींची नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. पहिल्या दिवशी पोरीच्या खांद्यावर हात ठेवायचे, पाठीच्या कण्यावरून बोट फिरवायचे आणि ठरवायचे: ही साग, ही ऐन, ही किंजळ. पुढे तेच नाव. माझ्या मुलीला त्यांनी आंबा केलं. आता आंब्याचं लाकूड आमच्याकडे कशाला वापरतात हे काय मला ठाऊक नव्हतं? खोकी करायला! मी तिथेच म्हटलं, "मास्तर, माझी मुलगी खोक्याचं लाकूड आहे काय?" मास्तर म्हणाले, "ओंडके मोजायला आलात काय?" पालकांनी तोंड उघडलं की हे एक वाक्य तयार. मग समजायचं, की आता निघा. मुलीला मात्र त्या नावाचं इतकं कौतुक, की घरीसुद्धा "आंब्याला भूक लागली" म्हणायची.

शेडमध्ये शिरताना प्रत्येकीने हात पुढे करायचे. मास्तर ते हुंगायचे. दुपारी मासे खाल्लेले कळले की त्या दिवशी दोर नाही, कारण म्हणे हात ओशट होतात. रत्नागिरीत राहून दुपारी मासे खायचे नाहीत! सुरमई आणली की मी दुपारी मुलीसाठी वेगळी डाळ करायची आणि आम्ही सगळे तिच्याकडे पाठ करून जेवायचो. सांगा, हा खेळ झाला की उपास?

आणि तो दोर. जाड, सुती, हाताला मऊ. खेळ संपला की मास्तर तो उतरवायचे, गुंडाळून खांद्यावर टाकायचे आणि खोलीवर न्यायचे. तिथे तो चुलीच्या वर टांगलेला असायचा. कोकणातल्या दमट हवेत सुती दोर कडक होतो, त्याला धूर द्यावा लागतो, हे मला मुलीकडून कळलं. त्यामुळे दोराला धुराचा वास, आणि दोरामुळे माझ्या मुलीच्या फ्रॉकला. दुसऱ्या कुणी त्या दोराला खांदा द्यायचा नाही. एका वडिलांनी भलेपणाने "द्या, मी आणतो" म्हटलं, तर मास्तर दोर तसाच खाली ठेवून ते गृहस्थ जाईपर्यंत उभे राहिले.

पण माझा खरा राग होता तो त्यांच्या शिकवण्यावर. मुलगी दोरावर असताना चुकली की मास्तर बोलायचे नाहीत. पाठ फिरवायचे. बस्स. दोराकडे पाठ करून, हाताची घडी घालून, रस्त्याकडे बघत उभे. वर पोर लोंबकळतेय, कुठे चुकलं ते तिला कळत नाही, आणि हा माणूस वखारीच्या फाटकातून जाणारी रिकामी बैलगाडी बघतोय! एकदा ओंडक्यांच्या ढिगामागून मी हे डोळ्यांनी पाहिलं. माझी मुलगी वर अडकून राहिली होती, घामाघूम, रडवेली. मी सरळ आत शिरले.

"मास्तर, पाठ काय फिरवता? काय चुकलं ते सांगा की तिला!"

"बघवत नाय."

"बघवत नाही म्हणजे? शिकवायला उभे आहात ना?"

"ओंडके मोजायला आलात काय?"

तेवढ्यात वर मुलीने पायाचा वेढा सोडला, पुन्हा उलटा घेतला, आणि मास्तर वळले. जसं काही कुणी कळ फिरवली. ती खाली आल्यावर म्हणाले, "पडली नाय." ही त्यांची सगळ्यांत मोठी शाबासकी. याच्या वर त्यांच्याकडे शब्दच नव्हता.

घरी येताना मी मुलीला विचारलं, "तुला कळतं तरी कसं गो?" ती म्हणाली, "पाठ फिरली की जिथे आहोत तिथे थांबायचं. काही सोडायचं नाही. मग शेवटचं काय केलं ते आठवायचं, मग त्याच्या आधीचं. सापडलं की दोराच्या आवाजावरूनच त्यांना कळतं, मग ते वळतात." मी म्हटलं, "आणि तोंडाने सांगितलं तर काय जीभ झिजते?" ती हसली. मला हसू आलं नाही.

आता मुद्द्याचं सांगते. मुलगी बारा वर्षांची झाली तेव्हा तिचे वडील गणपतीला मुंबईहून आले. ते तिकडे कारखान्यात होते, वर्षातून दोनदा घरी यायचे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी विषय काढला. पोर मोठी होत चालली, चड्डी घालून दोरावर चढते, भावकीत लोक बोलतात. मी वाद घातला. शेवटी ते म्हणाले, "यंदा जिल्ह्याला काही नाव काढलं तर पुढचं बघू. नाहीतर बस्स झालं." मुलगी दाराआड उभी होती. तिने ऐकलं. त्या दिवसापासून ती झोपेतसुद्धा पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट आवळून धरायला लागली, दोर धरतात तसं.

जिल्ह्याच्या स्पर्धा दिवाळीनंतर. दसऱ्याला शेडमध्ये दोराची पूजा झाली, मास्तरांनी खोबरं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी दोर तुळईवर नव्हता. मुली भुशात बसून राहिल्या. वखारीतला गडी म्हणाला, "मास्तर कापणीला गेले. मंडणगडला." आणि दोर? "दोर पन गेला त्येंच्यासंगती."

भाताची कापणी कुणाला चुकत नाही, ते मीही समजू शकते. पण दोर? दोराला काय कोयता धरायचा होता? ऐन स्पर्धेच्या तोंडावर, कुणाला न विचारता, न सांगता, हा माणूस दोर घेऊन गावाला जातो! दरवर्षीच जायचा म्हणे. पण एरवी माझ्या मुलीचं एवढं सगळं त्यावर टांगलेलं नव्हतं. मुलगी तीन-चार दिवस परसातल्या माडाला विहिरीची काढणी बांधून लोंबकळत होती. हाताला फोड आले. मी ठरवलं, पुरे.

समुद्राच्या बाजूला त्या सुमारास एक नवा हॉल झाला होता. टीव्हीवर जिम्नॅस्टिक बघून बघून सगळ्या आयांना वेड लागलेलं, त्यात हा हॉल निघाला. निळ्या गाद्या, भिंतीला आरसे, एक मल्लखांब, दोन दोर. तिथले सर तरुण होते, घाटावरून शिकून आलेले. मला बसायला खुर्ची दिली! "ताई" म्हणाले. मुलीला दोरावर चढवून पाहिलं आणि मला फळ्यावर चित्र काढून समजावलं, की कुठे ताण पडतो, पंजा कसा हवा. मला रडू यायचं बाकी होतं. इतकी वर्षं मी याच तर एका गोष्टीसाठी भांडत होते.

"मधेच आणलीत तरी हरकत नाही," सर म्हणाले. "स्पर्धेत आमच्याकडून उतरेल. पण एक आहे ताई. जुन्या वस्तादांचा नारळ लागेल."

तालमीची ही रीत मला ठाऊक होती. शिकायला येताना मुलाने वस्तादाला नारळ द्यायचा, आणि सोडून जाताना वस्तादाने त्याला नारळ द्यायचा. तो घेऊन आल्याशिवाय दुसरा वस्ताद हात लावत नाही. एवढ्या आरशांच्या हॉलमध्ये ही जुनी रीत कशी राहिली होती कोण जाणे. मी म्हटलं, "वस्ताद मंडणगडला भात कापतायत." सर म्हणाले, "मग जाऊन यावं लागेल."

म्हणजे या माणसाला सोडायचं तरी मीच त्याच्या दारात जायचं! मी रजा काढली आणि मुलीला घेऊन पहाटेच्या एसटीत बसले. मुलगी खिडकीला डोकं टेकून बसली होती. मी मात्र वाटभर तयारी केली. ते काय म्हणतील, मी काय म्हणेन. ते म्हणतील, अर्ध्यावर नेऊ नका. मी म्हणेन, अर्ध्यावर कोण गेलं? माझं वाक्य घाटातल्या प्रत्येक वळणावर अधिक धारदार होत होतं.

गाव डोंगरात, रस्त्यापासून उतरून. मास्तर खाचरात होते, कापलेल्या भाताचे भारे बांधत. कानावर पेन्सिल तिथेही! आम्हाला बघून त्यांना नवल वाटल्याचं काही दिसलं नाही. त्यांच्या आईने ओटीवर बसवलं, गूळपाणी दिलं. म्हातारी चांगली बोलकी होती. हा मुलगा तिचाच यावर विश्वास बसेना. आत चूल होती आणि चुलीवर दोर. मुलगी उठून आत गेली आणि त्याच्याखाली जाऊन उभी राहिली.

मी मास्तरांना म्हटलं, "तो दोर इथे आणून उपयोग काय? इथे तर कुणी त्याच्यावर चढतही नाही!"

"धुरावर हाय."

"अहो, पण तिकडे मुली बसून आहेत!"

म्हातारी मधेच म्हणाली, "मागं येकदा तिकडंच टांगून आला व्हता गो, बाय. हा हितं कापनीला, आनि पोर चडलं येकटंच. हात मोडला त्येचा, तो काय सरळ झालाच नाय..."

"आये, पानी दे," मास्तर म्हणाले. म्हातारी उठून आत गेली.

म्हणजे हे कारण होतं. हे एवढं एक वाक्य! हे वाक्य दसऱ्याला शेडमध्ये सांगितलं असतं तर कुठल्या आईने नाही म्हटलं असतं? आम्ही काय राक्षस होतो? माझा राग कमी व्हायला हवा होता, तो दुप्पट झाला. पण दिवाळी तोंडावर आली होती, मुलीच्या वडिलांचे शब्द कानात होते, आणि भात अजून अर्धं उभं होतं. मी सांगून टाकलं.

"मास्तर, मी हिला नव्या हॉलमध्ये घालतेय. ते सर म्हणतात, तुमचा नारळ हवा."

"मागितला त्यानं?"

"हो."

"बरा हाय मग मानूस."

बस्स. एवढंच. उठले, माळ्यावरून नारळ काढला आणि अंगणात बसून कोयत्याने सोलायला लागले. माझी ती धारदार वाक्यं माझ्या तोंडातच राहिली. मी म्हटलं, "तुम्हाला काहीच बोलायचं नाही?"

"भात पडून ऱ्हायलंय."

मग मुलीला हाक मारली, "आंब्या, अंगठा दाखव." तिने पाय पुढे केला. त्यांनी अंगठ्याच्या बेचक्यातला घट्टा दाबून पाहिला, लाकडाची गाठ बघतात तसा. "बरा हाय," म्हणाले, आणि नारळ तिच्या हातात दिला. "जा."

मी सोडायला गेले होते, हे मान्य. पण राहू दे म्हणायला काय हरकत होती? निदान एकदा? पाच वर्षं जिच्या केसांतला भुसा मी झाडला, ती त्यांच्या लेखी एका नारळाएवढीच होती काय? खेडला माझ्या मावसबहिणीकडे मुक्काम केला, तर तिला मी जेवतानाही तेच ऐकवलं आणि अंथरुणावरही तेच. ती म्हणाली, "अगो, तुला हवं तेच तर झालं." मी म्हटलं, "तू गप्प बस." मुलगी नारळ उशाशी घेऊन झोपली होती.

नव्या हॉलमध्ये सरांनी तो नारळ फोडला, खोबरं वाटलं. मुलगी तिथे पटापट सुधारली, हे मी कबूल करते. पावलं टोकदार झाली, सलामी करताना हसायला लागली. सर चांगले होते, जीव तोडून शिकवायचे. पण ती घरी येऊन एकदा म्हणाली, "आई, सर पाठ फिरवतच नाहीत."

"मग? तोंडाने सांगतात ना?"

"सांगतात. पण खाली आल्यावर."

मी तिला दामटलं. म्हटलं, आता नवीन खूळ नको.

स्पर्धेच्या दिवशी मास्तर आले. सकाळीच थेट एसटीतून, खांद्यावर दोर, मागे स्टँडवरून बरोबर आलेल्या वखारीतल्या तीन मुली. मी तिकडे बघितलं नाही. ते मैदानाच्या कडेला, लोकांना अडवायला बांधलेल्या दोरीपाशी उभे राहिले, तोंडात काडी धरून.

माझ्या मुलीची पाळी आली. सलामी झाली, ती सरसर वर गेली. पहिली आसनं अशी झाली की माझ्या शेजारची बाई टाळ्या वाजवायला लागली. शेवटी ती जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर होती. तिथे कमरेला आणि मांडीला दोराचा वेढा घ्यायचा, अंगठ्यात पकडायचा, दोन्ही हात सोडायचे आणि डोकं खाली करून सुटायचं. वेढा बरोबर असेल तर दोर आपणच आवळतो आणि अधांतरी थांबवतो. तिने वेढा घेतला. नवे सर समोरच्या बाजूला होते, तिची पाठ त्यांच्याकडे; ते मान हलवत होते, छान, छान. तिने एक हात सोडला.

आणि मास्तरांनी पाठ फिरवली.

भर मैदानात! सगळ्यांच्या देखत! माझं रक्त असं उसळलं, की मी जागची उठले. सोडून गेली म्हणून तिचा असा अपमान? आता तर ती तुमची नाही, आता काय बघवत नाही तुम्हाला? मी तरातरा त्यांच्याकडे निघाले. दोन माणसांना ढकललंसुद्धा. आणि मग लोक एकदम शांत झाले म्हणून मी वर पाहिलं.

मुलगी थांबली होती. दुसरा हात दोरावर घट्ट. एका हाताने तिने मांडीवरचा दोर चाचपला. तो मांडीच्या मागून यायला हवा होता, तो पुढून आला होता. हात सोडला असता तर वेढा सुटून ती डोक्यावर आली असती, आणि खाली भुसा नव्हता, पातळ गादी होती. तिने वेढा सोडला, नीट मागून घेतला, अंगठ्यात धरला. त्यात वेळ गेला, गुण गेले. मग तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर वळले. तिने दोन्ही हात सोडले.

ती तिसरी आली. जिल्ह्याच्या संघात नाव लागलं. वडिलांना कळवायला तेवढं पुरे होतं.

मी मास्तरांना गाठलं. ते दोर गुंडाळत होते. काय बोलावं ते कळेना, म्हणून मी भांडायलाच सुरुवात केली. "मास्तर, ओरडायचं नाही का? तिचं लक्ष नसतं गेलं तर? पाठ कसली फिरवता? पोर मेली असती माझी!"

त्यांनी दोर खांद्यावर टाकला. पेन्सिल सरळ केली. म्हणाले, "पडली नाय," आणि चालू लागले.

त्या शब्दाबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. तेवढ्या वेळात आणखी चार शब्द बोलता आले असते. निदान त्या हात मोडलेल्या पोराचं तरी. माझ्यापाशी नाही तर कुणापाशी तरी.

स्पर्धा आटोपून आम्ही दोघी बाजारातून घरी येत होतो. मुलगी हातातला बक्षिसाचा छोटा कप फ्रॉकने पुसत होती. वाण्याच्या दुकानापाशी ती थांबली.

"आई, नारळ घे."

"कशाला? घरात आहेत की दोन."

"घरातला नको. नवा हवा. उद्या शेडमध्ये द्यायचाय."

मी तिच्याकडे पाहिलं. नव्या सरांचा नारळ आधी घ्यावा लागेल, खुर्ची देणाऱ्या, ताई म्हणणाऱ्या, फळ्यावर चित्र काढून समजावणाऱ्या त्या भल्या माणसाला आता काय तोंड दाखवू, हे सगळं मी तिला तिथे रस्त्यात ऐकवलं. तिने ऐकून घेतलं. पण जागची हलली नाही.

दुकानदाराने नारळांची पाटी पुढे सरकवली. त्या माणसाला खवट निघणारा नारळ द्यावा, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. तरी मी एकेक उचलला, कानाशी नेऊन हलवला आणि पाणी भरपूर वाजेल असा निवडून घेतला.